गोल कोनशिला

मी चेंबरच्या कार्यकारिणीत निवडून आलो तेव्हा हात धूत होतो.

आमच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांची एक संघटना आहे. तिचं पूर्ण नाव एका श्वासात म्हणता येत नाही, म्हणून सगळे तिला नुसतं चेंबर म्हणतात. तिच्या वार्षिक सभेला मी दरवर्षी जातो, कारण तिथली सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेली वडी, चांगली असते. त्या वर्षी दोन खाल्ल्या, बोटांना तेल लागलं म्हणून उठलो, आणि परत येऊन बसेपर्यंत टाळ्या वाजून संपल्या होत्या. माझा दुकानशेजारी बाजूच्याच खुर्चीवर होता. त्याचं कुकरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शिट्या, रिंगा, दांड्या.

"तुमचं नाव टाकलं म्या," तो म्हणाला.

"कशात?"

"कमिटीत गा. अध्यक्ष म्हणे, कोणी वाचणारा माणूस पायजे. मी म्हटलं, आमच्या बाजूचे चष्मेवाले दिवसभर वाचतच राह्यते. गिऱ्हाईक त असत नाही."

यातलं शेवटचं वाक्य त्याने गाळलं असतं तरी निवड झाली असती. पण ते खरं होतं. चष्म्याच्या दुकानात माणूस तीन-चार वर्षांतून एकदा येतो आणि मधल्या काळात दुकानदाराला पुस्तकं वाचण्याशिवाय दुसरा धंदा नसतो.

चेंबरचा हॉल एका जुन्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो, त्यांच्याखाली एसी. एसीचा वारा फक्त पहिल्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून पहिली रांग पदाधिकाऱ्यांची. पहिल्याच बैठकीत मला समित्यांची ओळख करून देण्यात आली. स्वागत समिती वेगळी आणि सत्कार समिती वेगळी. पाहुणा दारात असेपर्यंत स्वागत समितीचा, खुर्चीवर टेकला की सत्कार समितीचा. पाहुणा जिन्यात असताना त्याच्यावर हक्क कोणाचा, यावरून एकदा दोन्ही समित्यांचं वाजलं होतं आणि पाहुणे तेवढा वेळ जिन्यातच उभे होते. हे मला कोणी गंमत म्हणून सांगितलं नाही, पूर्वपीठिका म्हणून सांगितलं.

अध्यक्षांचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं मोठं शोरूम आहे. माणूस भारदस्त. कोणतंही बोलणं "आज या ठिकाणी" असं सुरू करायचे, मग ते पंखा बंद करायला सांगणं का असेना. त्यांच्या शोरूमच्या काचेमागे वीसेक कमोड ओळीने मांडलेले असतात आणि त्यांतल्या एकालाही पाण्याची जोडणी नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

कार्यकारिणीत आम्ही अकरा जण. त्यात एकच बाई. त्यांचं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. नंदनवन वस्तीतून स्कूटीवर येतात. महिला समितीच्या त्या अध्यक्ष आणि तिच्या एकमेव सभासदही, त्यामुळे चेंबरची ती एकच समिती अशी होती जिच्यात मतभेद नव्हते. वर्धापनदिनाला रांगोळी काढून घेणं एवढं तिचं काम. त्या दिवशी अध्यक्षांनी रांगोळीचा विषय काढला आणि बाई उभ्या राहिल्या.

"रांगोळीचं होऊन जाईन जी. मले दुसरं बोलाचं आहे. बाजारात बायकायसाठी संडास पायजे."

कोषाध्यक्षांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. पुरुषांना ही अडचण कधी जाणवली नव्हती, कारण गोदामामागे एक भिंत होती. तिच्यावर 'येथे' या शब्दाने सुरू होणारी एक सूचनाही चेंबरनेच रंगवून घेतली होती.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आज या ठिकाणी इतकी वर्षं चाललंच ना?"

"चाललं नाही जी. आम्ही चाललो. दोन चौक."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि त्याच बाजारात माझं दुकान तेवीस वर्षं आहे. दोन चौकांपलीकडे एक लहानसं नर्सिंग होम होतं. बाजारातल्या दुकानांमधून काम करणाऱ्या बायका तिथे पेशंटला भेटायला म्हणून जायच्या. दारावरची आया विचारायची, कोणाला भेटायचं. चार नंबरच्या खाटेवर पाय मोडून पडलेल्या एक आजी होत्या. त्यांचं नाव सगळ्यांनी पाठ करून ठेवलं होतं. आजींना स्वतःच्या घरचं कोणी फारसं येत नसे, पण बाजारातून रोज दहा-बारा जणी यायच्या. सुरुवातीला त्या नुसत्याच आत जाऊन यायच्या. मग लाज वाटून आजींची विचारपूस करू लागल्या. पुढे पुढे कोणी संत्री न्यायचं, कोणी केस विंचरून द्यायचं. आजींची तब्येत त्यामुळे झपाट्याने सुधारत होती आणि बाजारातल्या बायकांना नेमकी तीच धास्ती होती.

"त्यायचं प्लास्टर निघालं का आमची सोय गेली," बाई म्हणाल्या. "आन् माह्या दुकानातली ती उमरेडची. तिले डॉक्टर म्हणते का रोज तीन लिटर पाणी पे, नाही त काम सोड. पाणी पिऊन ते जाईन कुठं? काम सोडून खाईन काय? मे महिना पुढं आहे."

उमरेडच्या त्या बाईंना मी ओळखत होतो. चाळिशीच्या. सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळी साडेसातच्या एसटीने परत. साडीचा काठ एकदा पाहिला की मागच्या फळीवरून न चुकता त्याच रंगाचा कपडा काढायच्या. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत त्या पाण्याचा घोट घेत नाहीत, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये त्या एकदा दुकानात चक्कर येऊन पडल्या होत्या, तेव्हा बाजाराने त्याचं खापर उन्हावर फोडलं होतं.

चेंबरमध्ये एखादी गोष्ट नाकारता येत नसेल तर तिच्यासाठी उपसमिती नेमतात. मी, मॅचिंगवाल्या बाई आणि कुकरवाला, अशी उपसमिती झाली. निमंत्रक मी, कारण मी एका बाजूला हसत होतो असं अध्यक्षांच्या लक्षात आलं होतं.

जागा होती. बाजाराच्या मागच्या अंगणात चौकीदाराची जुनी खोली, चेंबरच्याच मालकीची. नळ होता, मोरी होती. पण आत स्मृतिचिन्हं होती. दरवर्षी चार पाहुण्यांना बोलवायचं, चार स्मृतिचिन्हं करून घ्यायची, आणि दोनच पाहुणे यायचे, असं बरीच वर्षं चाललेलं. न आलेल्या पाहुण्यांची सोनेरी झाडं, काचेचे पिरॅमिड आणि पितळी दिवे छतापर्यंत रचून ठेवले होते. ते कुठे ठेवायचे यावर दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत बाईंनी प्रत्येक सभासदाला सांगितलं की हवी तेवढी घरी घेऊन जा. खोली अर्ध्या तासात रिकामी झाली. न आलेल्या एका पाहुण्याचं नाव कोरलेला दिवा आजही माझ्या घरी टीव्हीशेजारी आहे.

त्यानंतरचं काम मात्र आश्चर्य वाटावं इतकं भराभर झालं. अध्यक्षांनी शोरूममधून दोन कमोड आणि एक बेसिन दिलं. एक कमोड गुलाबी, दुसरा पिस्ता. दोन्ही कित्येक वर्षं काचेमागे गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. सावनेरचा एक गवंडी मिळाला, कमी बोलणारा आणि सरळ भिंत बांधणारा. एप्रिल संपायच्या आत टाइल्स लागल्या, पाणी सुरू झालं, दाराला कडी बसली. उरलेल्या विटांमधून बाईंनी दाराबाहेर, कडुनिंबाखाली, माठासाठी एक कमरेएवढा चौथराही बांधून घेतला. मग दाराला कुलूप लागलं आणि किल्ली अध्यक्षांकडे गेली, कारण उद्घाटन व्हायचं होतं, आणि उद्घाटनासाठी कोनशिला व्हायची होती.

कोनशिलेवर कार्यकारिणीची अकरा नावं. कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न होता.

पदानुसार म्हटलं तर तीन उपाध्यक्ष होते. एक वरिष्ठ, एक कार्यकारी आणि एक नुसता, आणि नुसत्याचं म्हणणं होतं की खरा उपाध्यक्ष तोच, बाकीच्यांना विशेषणं लावावी लागली. मी अकारविल्हे क्रम सुचवला. लोकांनी मनातल्या मनात बाराखडी म्हणून पाहिली आणि अध्यक्ष सर्वांत खाली जातात हे ध्यानात येताच विषय गळाला. वयानुसार म्हटलं तर कोणी खरं वय सांगायला तयार होईना. धान्याचे व्यापारी असलेले वरिष्ठ उपाध्यक्ष म्हणाले, "बाजारात आधी कोणाचं दुकान आलं, ते पाहा ना." ते पाहायला गेलो असतो तर पहिलं नाव गोदामामागच्या पानवाल्याचं आलं असतं आणि तो चेंबरचा सभासद नव्हता.

दीड तास झाला होता. एसीचा वारा माझ्यापर्यंत येत नव्हता. मी म्हणालो, "मग दगड गोलच करा. नावं काठाने फिरवा. कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

हे मी ज्या स्वरात बोललो तो स्वर इतिवृत्तात लिहिता येत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक म्हणून माझं नाव लागलं. मॅचिंगवाल्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली.

दगड मेच्या दुसऱ्या आठवड्यात मालवाहू ऑटोतून आला. काळा ग्रॅनाइट, चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढा, मधोमध चेंबरचं दातेरी चाकाचं चिन्ह आणि काठाने अकरा नावं. खरोखर देखणा होता. आम्ही सगळे अंगणात जमलो. गवंड्याने दाराशेजारची भिंत ओली केली, दोन मजुरांनी दगड उभा धरला, आणि गवंड्याने त्या महिन्यातला त्याचा पहिला प्रश्न विचारला.

"साहेब, वरतं कोण्तं?"

घड्याळ गोल असलं तरी त्यात बाराची एक जागा असते, हे अकरा सुशिक्षित माणसांच्या ध्यानात आलं नव्हतं. सुचवणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

"साहजिकच," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मजुरांना हाताने खूण केली. दगड थोडा उजवीकडे फिरला. अध्यक्षांचं नाव माथ्यावर आलं.

"मग गोल कशाले केला?" वरिष्ठ उपाध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी दगडाला बोट लावून तो डावीकडे ढकलला. मजुरांनी दगडाखाली गुडघे टेकवले.

"दोन नावांच्या मधली फट वर घ्या ना," कोषाध्यक्ष म्हणाले.

"कोणत्या दोघायच्या?"

"याले बेअरिंगवर बसवला त?" कुकरवाला म्हणाला. "दर महिन्याले एक नाव वर. फिरवत जा."

तो थट्टा करत होता. पण अंगणात एक हार्डवेअरवाले होते आणि त्यांनी लगेच सांगितलं की एवढं वजन पेलणारं बेअरिंग त्यांच्याकडे आहे. त्यावर उपसमिती नेमण्यात आली. दगड कडुनिंबाला टेकवून ठेवला. सगळे घरी गेले. कुलूप तसंच राहिलं.

चार दिवसांनी आजींना डिस्चार्ज मिळाला.

मला ते दुपारी कळलं. मॅचिंगवाल्या बाई माझ्या दुकानात आल्या, मागे उमरेडच्या बाई. बाहेर असं ऊन होतं की दुकानाची लोखंडी दांडी धरवत नव्हती. मी सवयीने दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले. उमरेडच्या बाईंनी पेला उचलला, नुसते ओठ ओले केले आणि पेला जवळजवळ तसाच भरलेला परत ठेवला.

"घ्या ना," मी म्हणालो.

"राहू द्या जी. साडेसातची गाडी आहे."

दुपारचे अडीच वाजले होते.

मॅचिंगवाल्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. "भाऊ, तुम्ही गंमत करता. तुमची गंमत होते आन् तिचा दिवस जाते."

मी म्हणालो, "कुलूप तोडून टाकू. मी तोडतो." हे मी पुष्कळ शौर्याने म्हणालो.

"कुलूप मलेही तोडता येते. हलकंच आहे. पण आज तोडलं त उद्या पाणी बंद होईन आन् परवा खोली वापस मागतीन. मले ते त्यायच्या हातानं उघडून पायजे. हार-गिर घालून, फोटू काढून. मग बंद कराची त्यायची हिंमत नाही होणार." त्या उठल्या. "उद्या चार वाजता सगळ्यायले अंगणात बोलवा. निमंत्रक आहा ना तुम्ही? निमंत्रण द्या."

मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं की कोनशिलेच्या दिशेबाबत तोडगा निघाला आहे. तोडगा मला माहीत नव्हता. चार वाजता दहाच्या दहा पुरुष हजर होते. चेंबरच्या बैठकीला मी इतकी उपस्थिती पुन्हा कधी पाहिली नाही. बाईंनी कोणाला काही विचारलं नाही. त्या थेट गवंड्याशी बोलल्या.

"या चौथऱ्यावर मसाला टाका."

"माठाच्या?"

"हाव. आन् हा दगड त्याच्यावर आडवा टाका."

गवंड्याने अध्यक्षांकडे पाहिलं.

"आडव्याले वर-खाली कुठून येईन?" बाई म्हणाल्या. "ज्याले ज्याचं वाचाचं आहे त्यानं तिकून उभं राहा."

दगड आडवा झाला. जराशी धूळ उडाली. अध्यक्ष सावकाश पुढे आले, चौथऱ्याला एक फेरी घातली आणि एका जागी थांबले. तिथून त्यांचं नाव सरळ दिसत होतं आणि बाकी सगळ्यांची तिरपी किंवा उलटी. त्यांचा चेहरा निवळला. मग वरिष्ठ उपाध्यक्षांनी फेरी घातली. मग नुसत्यांनी. थोड्या वेळाने पंगतीला पानं मांडल्यासारखे सगळे आपापल्या नावापुढे उभे होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दगड त्याच्या बाजूने ठेवला आहे. मी लांबून हे पाहत होतो अशी माझी समजूत होती. पण कुकरवाला म्हणाला, "सरका ना गा जरासं, माहं नाव झाकून राह्यलं," तेव्हा कळलं की मीही माझ्या नावापुढेच उभा आहे. शेजारच्या कार्यकारी उपाध्यक्षांपेक्षा माझी अक्षरं जरा खोल कोरली गेली आहेत, हेही तोवर माझं पाहून झालं होतं.

उद्घाटन सोमवारी अकरा वाजता झालं. स्वागत समितीने स्वागत केलं, सत्कार समितीने सत्कार केले. पाहुणे कोणी बोलावलेच नव्हते, म्हणून शाली आपसात वाटण्यात आल्या. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात दहा पुरुष लोकरी शाली पांघरून महिला प्रसाधनगृहापुढे उभे राहिले. अध्यक्षांनी "आज या ठिकाणी" असं म्हणून फीत कापली, कुलूप उघडलं आणि सवयीप्रमाणे आत पाऊल टाकलं. फोटोवालाही म्हणाला, "साहेब, आत एक घेऊ."

"ते बायकायचं आहे जी," मॅचिंगवाल्या बाई म्हणाल्या.

अध्यक्ष थांबले. एखाद्या वास्तूचं उद्घाटन करून तिच्यात जायचं नाही, हा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला असावा. बाईंनी मागे वळून हाक मारली, "ये वं." उमरेडच्या बाई पुढे आल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. आत गेल्या, दार लावलं, कडी वाजली.

आम्ही बाहेर उभे होतो. कोणी कडुनिंबाकडे पाहत होतं, कोणी बुटांकडे. कुकरवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता टाळ्या वाजवाच्या का?"

"थांबा."

आतून पाण्याचा आवाज आला. मग दार उघडलं. उमरेडच्या बाई हात पुसत बाहेर आल्या आणि अध्यक्षांपुढे उभ्या राहिल्या.

"नळ पुरा बंद होत नाही जी. टपकते."

अध्यक्ष पहिल्यांदाच "आज या ठिकाणी"शिवाय बोलले. "वायसर दबला असेल," ते म्हणाले. "मी पाहतो. जाऊ का आत?"

"जा," उमरेडच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी शाल काढून माझ्या हातात दिली, बाह्या दुमडल्या आणि आत जाऊन गुडघ्यावर बसले. शोरूममधून वायसर मागवून, तो बसवून, नळ तीनदा उघडबंद करून पाहूनच ते उठले. फोटोवाल्याने तेवढ्या वेळात काढलेला एकही फोटो चेंबरने लावला नाही. मला वाटतं त्या दिवसाचे बरे फोटो तेवढेच होते.

कोनशिलेवर आता माठ आहे. तो मधोमध ठेवला तर नावं वाचता येतात, पण मधोमध ठेवला तर ओणवं होऊन पाणी घ्यावं लागतं, म्हणून बायकांनी तो काठावर सरकवला आहे. दुपारी उरलेल्या जागेत डबे उघडतात. अध्यक्षांच्या नावावर बहुधा भाकरीचा डबा असतो, वरिष्ठ उपाध्यक्षांच्या नावावर ठेचा. परवा मी त्या बाजूने जाताना सहज वाकून पाहिलं. माझं नाव पूर्ण माठाखाली गेलं होतं.

उमरेडच्या बाई तिथेच होत्या, नुकत्याच एसटीतून उतरून आलेल्या. "सरकवू का जी माठ?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी लोटा बुडवला, एका दमात पूर्ण प्यायला, आणि परत बुडवला. सकाळचे दहाही वाजले नव्हते.